विकिपीडियावर संपादन अडले, तर मदत कोठे आणि कशी मागावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिचोली तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या गावाविषयी आणि तेथील देवस्थानाविषयी मराठी विकिपीडियावर लेख लिहिला. बराचसा मजकूर त्यांनीच पूर्वी देवस्थानाच्या स्मरणिकेसाठी लिहिलेला होता. दुसऱ्या दिवशी त्यातला मोठा भाग काढलेला दिसला, म्हणून त्यांनी तो पुन्हा घातला. तो पुन्हा काढला गेला आणि त्यांच्या चर्चापानावर प्रताधिकाराविषयीची (कॉपीराइटविषयीची) सूचना आली. तिला मोबाईलवरून उत्तर लिहू गेले, तर अंकपत्त्यावर (आयपी ॲड्रेसवर) प्रतिबंध असल्याचा संदेश आला. "गावची माहिती गावच्या माणसाने द्यायची नाही, तर कोणी द्यायची, आणि दाद मागायची कोणाकडे?" असे ते विचारतात. जाता जाता, देवळातील कावी चित्रांची, म्हणजे तांबड्या रंगातील भित्तिचित्रांची, छायाचित्रे चढवता येतील का, असेही त्यांनी विचारले आहे.

दाद मागण्याचे एकच एक कार्यालय तेथे नाही, हे आधी स्पष्ट करतो, कारण नव्या सदस्यांची निम्मी चिडचिड ते कार्यालय शोधण्यातच होते. विकिपीडियाला मुख्य संपादक नाही. विकिमीडिया फाउंडेशन ही अमेरिकेतील संस्था सर्व्हर आणि सॉफ्टवेअर सांभाळते. डिचोलीतील एखाद्या गावाच्या लेखात कोणते वाक्य असावे, हे ती ठरवत नाही. प्रचालक म्हणून ज्यांना आपण ओळखतो, त्यांना पान वगळण्याचे, सुरक्षित करण्याचे आणि सदस्यावर प्रतिबंध घालण्याचे तांत्रिक अधिकार असतात, परंतु मजकुराच्या वादात त्यांचे मत इतर कोणत्याही सदस्याच्या मताइतकेच धरले जाते. मदत करणारे सगळे लोक आपापली नोकरी-व्यवसाय सांभाळून, फावल्या वेळात हे काम करतात. म्हणून प्रश्न अशा रीतीने मांडावा लागतो, की उत्तर देणाऱ्याला दोन मिनिटांत नेमके काय घडले ते पाहता यावे. तसा मांडलेल्या प्रश्नाला सहसा उत्तर मिळते. नुसत्या तक्रारीला मिळतेच असे नाही, आणि त्यात आकस असतोच असेही नाही.

आपल्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत आणि त्या एकाच माणसाने आपल्याविरुद्ध केल्या असाव्यात, असे आपल्याला वाटते आहे. मजकूर निघणे, प्रताधिकाराची सूचना आणि अंकपत्त्यावरील प्रतिबंध यांपैकी पहिल्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. तिसरीचा आपल्याशी बहुधा काहीही संबंध नाही.

मजकूर कोणी आणि का काढला, हे विचारण्यापूर्वी लेखाच्या माथ्यावरील 'इतिहास' ही कळ दाबून ते पान शांतपणे वाचावे. तेथील प्रत्येक ओळ म्हणजे एक संपादन असते: तारीख, वेळ, सदस्याचे नाव, लेख किती बाइटांनी वाढला किंवा घटला तो आकडा आणि शेवटी कंसात संपादकाने लिहिलेला सारांश. कोणी एखाद्याचे बदल 'पूर्वपदास नेले' असतील, तर तेही तेथेच नोंदलेले असते. कोणत्याही दोन ओळी निवडून त्यांतील फरक पाहिला, की जुना आणि नवा मजकूर शेजारी शेजारी उघडतो आणि काय गेले, काय आले ते दिसते. या फरकाच्या पानाचा जो पत्ता ब्राउझरच्या पट्टीत दिसतो, तो नकलून ठेवावा. पुढे कोठेही मदत मागताना सर्वांत उपयोगी पडणारी वस्तू तीच. आपल्या बाबतीत इतिहासातील काही ओळींवर काट मारलेली असेल आणि त्या उघडत नसतील, तर तो प्रताधिकारभंगाच्या संशयावरून झाकलेला मजकूर आहे, असे समजावे. तो केवळ प्रचालकांना दिसतो, आणि म्हणून 'उलटवा' ही कळ दाबून तो परत आणता येत नाही.

आता प्रताधिकार. स्मरणिकेतील लेख आपणच लिहिला होता, हे आपले म्हणणे खरे असले, तरी विकिपीडियावरील एखाद्या सदस्याला ते कळण्याचा मार्ग नाही. त्याला एवढेच दिसते, की हाच मजकूर अन्यत्र छापलेला किंवा देवस्थानाच्या संकेतस्थळावर चढवलेला आहे आणि तेथे सर्व हक्क राखून ठेवल्याची ओळ आहे. विकिपीडियावरील मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन-शेअरअलाइक ४.० या परवान्याखाली जातो. म्हणजे श्रेय देऊन आणि तोच परवाना पुढे चालू ठेवून तो कोणीही, व्यापारी कामासाठीसुद्धा, वापरू शकतो. हक्कधारकाने अशी मुभा रीतसर दिलेली नसताना तो मजकूर तेथे ठेवणे कोणालाही शक्य नाही, मग लेखक स्वतः का असेना.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे स्मरणिकेच्या हक्कधारकाने, म्हणजे बहुधा समितीने किंवा आपण स्वतः, वरील परवान्याचा नावानिशी उल्लेख करून परवानगीचा ई-मेल विकिमीडियाच्या स्वयंसेवक प्रतिसाद पथकाला पाठवणे. 'विकिपीडियासाठी वापरण्यास हरकत नाही' एवढे वाक्य पुरत नाही, कारण परवाना केवळ विकिपीडियापुरता नसतो, आणि या एका वाक्यावर पुष्कळ परवानग्या अडकून राहतात. दुसरा उपाय मला अधिक सोयीचा वाटतो: तीच माहिती नव्याने, ज्ञानकोशाच्या कोरड्या भाषेत लिहावी. स्मरणिकेची भाषा भक्तिभावाची असते आणि तेथे ती शोभतेही. 'नवसाला पावणारी', 'पंचक्रोशीचे श्रद्धास्थान' असे शब्द ज्ञानकोशात मात्र तटस्थतेच्या कारणावरून निघतातच, त्यामुळे परवानगी मिळवूनही अर्धा मजकूर पुन्हा लिहावा लागतो. उलट उदाहरणही गोव्यातलेच आहे. गोवा विद्यापीठाने कोकणी विश्वकोशाचे खंड २०१३ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले, त्यामुळे त्यातील मजकूर योग्य श्रेय देऊन कोकणी विकिपीडियावर नेता येतो.

स्मरणिकांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते आणि ती अनेकांच्या ध्यानी येत नाही. आपल्याकडच्या जुन्या स्मरणिका श्री-लिपी, आकृती यांसारख्या, युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेल्या असतात. त्या फाइलीतून मजकूर थेट चिकटवला, तर देवनागरीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक मालिका उमटते, आणि गस्त घालणाऱ्या सदस्याला ते उपद्रवी संपादन वाटून तो ते काढून टाकतो. अशा मजकुराचे आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे किंवा सरळ टंकन करावे. त्यासाठी वेगळी प्रणाली बसवण्याची गरज नाही. संगणकावर विकिपीडियाच्या संपादन-खिडकीत कंट्रोल आणि एम या कळा एकत्र दाबल्या, की तेथलीच टंकन-सुविधा चालू किंवा बंद होते.

तिसरी गोष्ट अंकपत्त्यावरील प्रतिबंधाची. मोबाईल कंपन्या हजारो ग्राहकांना थोड्याच अंकपत्त्यांतून इंटरनेट पुरवतात. त्यांतील एखाद्याने कोठेतरी उपद्रव केला आणि अंकपत्त्यांच्या त्या सबंध गटावर प्रतिबंध लागला, तर त्याचा फटका वाळपईत बसलेल्या सज्जन माणसालाही बसतो. आपण सनोंद प्रवेश (लॉग-इन) न करता लिहू पाहत होता का, ते आधी तपासा. असे बरेच प्रतिबंध अनामिक संपादनापुरते आणि नवे खाते उघडण्यापुरते असतात, आणि खात्यात प्रवेश केला की अडथळा राहत नाही. मोबाईलमध्ये व्हीपीएन चालू असेल, तर ते बंद करा, कारण तसे पत्ते विकिपीडियाच्या सर्व प्रकल्पांवर सरसकट अडवलेले असतात. एवढे करूनही संदेश येत राहिला, तर तो अक्षरशः वाचा. त्यात प्रतिबंध कोणी घातला, कोणत्या कारणाने, केव्हापर्यंत आणि त्याचा क्रमांक काय, हे दिलेले असते. प्रतिबंध मराठी विकिपीडियापुरता आहे की सर्व प्रकल्पांना लागू असलेला वैश्विक आहे, हेही त्यावरून कळते. वैश्विक असेल, तर मराठी प्रचालकांपेक्षा मेटा-विकी या सर्व प्रकल्पांच्या सामाईक संकेतस्थळावरील स्टीवर्ड, म्हणजे सर्व प्रकल्पांवर अधिकार असलेले सदस्य, तो उठवू किंवा शिथिल करू शकतात. संदेश जसाच्या तसा, त्या क्रमांकासह, जपून ठेवा. खात्यावरच प्रतिबंध असेल, तरी स्वतःच्या चर्चापानावर लिहिण्याची सोय बहुधा खुली ठेवलेली असते आणि विनंती तेथेच करायची असते. या काळात घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावाने खाते उघडून तेच संपादन करू नये. ते उघडकीस येते, आणि मूळ प्रतिबंध अन्यायाचा असला, तरी नंतरचा न्याय्य ठरतो.

विचारायचे कोठे, ते प्रश्नाच्या स्वरूपावर ठरते. विशिष्ट वाक्याविषयी मतभेद असेल, तर त्या लेखाचे चर्चापान हीच पहिली जागा, कारण पुढे येणारा प्रत्येक जण तेच पान पाहणार असतो. एका सदस्याच्या एका कृतीविषयी विचारायचे असेल, तर त्या सदस्याचे चर्चापान. संपादन कसे करावे, साचा (टेम्प्लेट) का बिघडला, संदर्भ का दिसत नाही, असे प्रश्न मदतकेंद्रावर विचारावेत, आणि अनेकांचा संबंध येईल असे किंवा कोठेच उत्तर न मिळालेले प्रश्न चावडीवर. चावडी म्हणजे सगळ्या सदस्यांचे सामाईक चर्चेचे पान. प्रयोग करून पाहायचे असतील, तर आपली धूळपाटी आहेच. इंग्रजी विकिपीडियावर नवशिक्यांसाठी टीहाऊस नावाचे पान २०१२ पासून चालते आणि तेथे उत्तरे लवकर मिळतात, परंतु तेथील कोणीही मराठी विकिपीडियावरचा निर्णय फिरवू शकत नाही. प्रत्येक भाषेचा विकिपीडिया स्वतंत्र आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या कोकणी विकिपीडियाचे प्रश्न मराठी चावडीवर सुटणार नाहीत आणि मराठीचे कोकणीत; छायाचित्रांचा कारभार विकिमीडिया कॉमन्सवर वेगळाच चालतो.

लिहिताना सही करण्यास विसरू नये. चार टिल्ड चिन्हे (~~~~) ओळीने टाकली, की आपले नाव आणि वेळ आपोआप उमटते. दुसऱ्या सदस्याला साद घालायची असेल, तर त्याच्या नावाचा दुवा आणि आपली सही ही दोन्ही एकाच वेळी जतन झाली पाहिजेत. आधी संदेश जतन करून मागाहून सही जोडली, तर त्या सदस्याला सूचना जातच नाही, आणि आपण मात्र 'चार दिवस झाले, उत्तर देण्याचे सौजन्यही नाही' असे म्हणत बसतो.

प्रश्न मांडण्याचा फरक एका उदाहरणाने दाखवतो, आणि मुद्दामच गोव्यात हमखास पेटणारे उदाहरण घेतो. समजा, 'गोवा' या लेखाच्या माहितीचौकटीत अधिकृत भाषेच्या रकान्यात कोणी 'मराठी' असे घातले, कोणी काढले, पुन्हा घातले. येथे "गोव्यातील मराठीवर होणारा अन्याय विकिपीडियाने थांबवावा" असे चावडीवर लिहिले, तर त्यावर चर्चा पुष्कळ होईल, लेख मात्र जेथल्या तेथे राहील. त्याऐवजी लेखाच्या चर्चापानावर असे लिहावे:

"माहितीचौकटीतील अधिकृत भाषेचा रकाना गेल्या आठवड्यात तीनदा बदलला आहे, तिन्ही फरकांचे दुवे खाली देत आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्यानुसार देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा आहे आणि शासकीय कामकाजासाठी मराठीचाही वापर करण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. म्हणून रकान्यात 'कोकणी' ठेवून, मराठीविषयीची तरतूद तळटीपेत कायद्याच्या संदर्भासह द्यावी, असे मी सुचवतो. हरकत असल्यास आठवडाभरात कळवावे. तोवर मी रकान्याला हात लावणार नाही."

यात पान कोणते, घडले काय, आधार कोणता आणि मागणी काय, हे सगळे आले आहे, आणि वाचणाऱ्याला हो किंवा नाही एवढेच म्हणायचे आहे. शेवटचे वाक्य तर फारच उपयोगाचे आहे. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे बदल उलटवणारा, त्याचे म्हणणे बरोबर असले तरी, प्रतिबंधास पात्र ठरतो. नियमाचा आकडा अन्यत्र वेगळा असो वा नसो, चढाओढीने उलटवत राहणाऱ्याबद्दल कोठेही चांगले मत होत नाही. राजभाषेच्या प्रश्नावर आपले मत काहीही असू शकते, माझेही आहे. त्याच्यासाठी गोव्यात व्यासपीठांची वाण नाही.

आता आपल्या मूळ दुखण्याकडे येतो: गावची माहिती गावच्याच माणसाने का देऊ नये? द्यावी, परंतु ती दुसऱ्याला पडताळता येईल अशी द्यावी. पुण्यात किंवा नाशिकात बसलेला सदस्य आपल्या ग्रामदेवतेचा कालोत्सव पाहायला येणार नाही. त्याला छापील आधार लागतो. तो आंतरजालावर नसला, तरी चालतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. 'गोमन्तक' दैनिक १९६२ पासून निघते, आणि जुन्या अंकातील बातमीचा संदर्भ दैनिकाचे नाव, तारीख आणि पृष्ठ क्रमांक देऊन देता येतो. दुव्याची सक्ती नाही. कोणी शंका घेतली, तर त्या बातमीतील संबंधित दोन ओळी चर्चापानावर उतरवून द्याव्यात. जुन्या अंकांसाठी आणि ग्रंथांसाठी पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करावी. त्याची परंपरा १८३२ पर्यंत मागे जाते आणि गोव्याविषयीच्या ग्रंथांचा तेथे मोठा संग्रह आहे. गावाची लोकसंख्या, क्षेत्रफळ आणि घरांची संख्या यांसाठी २०११ च्या जनगणनेची उत्तर गोवा जिल्ह्याची पुस्तिका पुरेशी आहे, आणि त्यावर कोणीही वाद घालत नाही. नवख्या लेखाला आधी असा निर्विवाद कणा द्यावा, मग बाकीचे.

देवस्थानाच्या इतिहासात अधिक जपावे लागते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या छळामुळे साष्टीतील कितीतरी दैवते अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, आणली गेली. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आले आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, हे ग्रंथांतून नीट नोंदलेले आहे. लहान देवळांबाबत मात्र स्थलांतराची कथा पुष्कळदा केवळ मौखिक असते, आणि एकाच देवतेच्या दोन गावांत दोन कथा असतात. अशी कथा वगळण्याची गरज नाही. 'स्थानिक परंपरेनुसार' असे म्हणून, ती जेथे छापली गेली आहे त्या पुस्तकाचा आधार द्यावा, आणि वर्ष छातीठोकपणे लिहू नये. समितीची स्मरणिका उत्सवाच्या तिथीसाठी आधार म्हणून चालेल. 'गोव्यातील सर्वांत प्राचीन देऊळ' या विधानासाठी नाही. आपण त्या देवस्थानाचे महाजन, म्हणजे त्याच्या कारभारात हक्क असलेले सदस्य, असाल, तर आपल्या सदस्यपानावर तसे एका ओळीत नमूद करावे. त्याने आपला अधिकार वाढत नाही, पण नंतर कोणी हितसंबंधाचा मुद्दा काढला, तर काही लपवले नव्हते हे दिसते.

तांत्रिक बिघाडांबद्दल थोडेच सांगतो, कारण त्यांतील बहुतेक एकाच जातीचे असतात. लेखातील बराच मजकूर एकदम नाहीसा झाला आणि संदर्भाविषयी लाल अक्षरांतला संदेश दिसू लागला, तर कोणी काही पुसलेले नसते. संदर्भासाठी उघडलेली रेफ ही खूण बंद करायची राहिलेली असते आणि पुढचा मजकूर त्या संदर्भाच्या पोटात गेलेला असतो. साच्याचे महिरपी कंस दोन उघडून एकच मिटला, तरी असाच पसारा होतो. जतन करण्यापूर्वी झलक पाहिली, तर दोन्ही चुका जागेवर सापडतात. लेखाचे नावच चुकले असेल, तर नव्या नावाचे पान उघडून त्यात सगळे चिकटवू नये, कारण मग लिहिणाऱ्यांचा इतिहास मागे राहतो. 'स्थानांतर' करावे किंवा करून मागावे. संपादन-गाळणीने एखादे निरुपद्रवी वाक्य अडवले, तर ते वाक्य आणि आलेली सूचना मदतकेंद्रावर द्यावी. गाळणी ही यंत्रणा आहे, तिचे नियम माणसांनी लिहिलेले असतात आणि ते सुधारता येतात.

आपण आता पुढीलप्रमाणे करावे, असे सुचवतो. खात्यात प्रवेश करून, सूचना देणाऱ्या सदस्याला आपल्या चर्चापानावरच त्या सूचनेखाली उत्तर द्या: मजकूर स्मरणिकेतील आहे हे मान्य करा आणि तो नव्याने लिहीत असल्याचे कळवा. नवा लेख धूळपाटीवर तयार करा, जनगणनेपासून सुरुवात करा, प्रत्येक परिच्छेदाला किमान एक छापील आधार द्या आणि मग त्याच सदस्याला साद घालून नजर टाकायला सांगा. ज्याने आपला मजकूर काढला, त्याच्याकडूनच तपासून घेतलेला लेख सहसा पुन्हा कोणी काढत नाही. आठवडाभर उत्तर आले नाही, तर नवा विषय न उघडता त्याच चर्चेचा दुवा देऊन चावडीवर विचारा.

कावी चित्रांची छायाचित्रे अवश्य चढवा, पण कॉमन्सवर आणि स्वतः काढलेलीच. जुन्या भिंतींवरील ती चित्रे रंगवणाऱ्यांचा प्रताधिकार केव्हाच संपला आहे. भारतात तो सर्वसाधारणपणे कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. जीर्णोद्धाराच्या वेळी नव्याने रंगवून घेतलेल्या भिंतीचे छायाचित्र मात्र त्या चित्रकाराच्या लेखी परवानगीशिवाय चढवू नका. गाभाऱ्याजवळ छायाचित्रे घेण्यास समितीची हरकत नाही ना, तेही आधी विचारा. व्हॉट्सॲपवरून आलेली लहान प्रत न चढवता कॅमेऱ्यातील मूळ फाइल चढवा, कारण प्रचालक तारीख आणि कॅमेऱ्याची नोंद पाहून ते चित्र आपलेच आहे का, याचा अंदाज घेतात. वर्णनात देवळाचे नाव, गाव, तालुका आणि चित्र कोणत्या भिंतीवर आहे, ते मराठीत लिहा. जमल्यास कोकणीत आणि इंग्रजीतही लिहा, म्हणजे त्या विकिपीडियांनाही ते चित्र सापडेल आणि वापरता येईल.